दोघींचं एकच नाव

आमचं गाव कोळ्यांचं, पण गावातून समुद्र दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो. कोळीवाडा म्हटलं की माणसं वाळू आणि लाटा डोळ्यांपुढे आणतात, आणि मग पुढचं सगळं त्यांना चुकीचं दिसतं. आमच्याकडे वाळू नावालाही नव्हती. चिखल होता. पनवेलच्या खाडीचा काळा, गुळगुळीत, पाय टाकला की मांडीपर्यंत आत घेणारा चिखल. त्याच्यावर आम्ही जगलो. त्याचा वास मला अजून आवडतो. सुनेला आवडत नाही. तिनं खिडकीला जाळी बसवून घेतली आहे. जाळीनं वास अडतो असं तिला वाटतं.

गाव म्हणजे बांधाला टेकून बसलेली तीस-चाळीस घरं. कुडाच्या भिंती, वर पेंढा, ज्याचं बरं चाललंय त्याच्या घरावर कौलं. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाऱ्या जमिनीतली भातं. बांध मातीचा. प्रत्येक घराच्या वाट्याला त्याचा एक तुकडा होता आणि तो त्याच घरानं सांभाळायचा. खेकड्यानं भोक पाडलं तर बुजवायचं, उधाण यायच्या आधी चिखलाची ढेकळं वर चढवायची. आमचा तुकडा चिंचेपासून देवळीपर्यंत. कुणाच्या तुकड्यातून पाणी फुटलं, तर त्या घराला वर्षभर ऐकून घ्यावं लागायचं, आणि ऐकवणारे काही कमी नव्हते.

बांधावर उभं राहिलं की ओहोटीला समोर नुसता चिखल, त्याच्यावर बगळे, पलीकडे तिवरांची हिरवी रेघ, त्याच्याही पलीकडे मिठागरांचे पांढरे ढीग. पाठ फिरवली की लांब कर्नाळ्याचा सुळका, अंगठा वर केल्यासारखा. खाडीत कुठं आहोत ते कळेनासं झालं की आम्ही तो सुळका शोधायचो. सुळका दिसला म्हणजे घर कुठल्या अंगाला ते कळलं. भरती चढली की शिडाचे पडाव पनवेलच्या बंदराकडे जायचे. येताना कौलं, जाताना भात आणि लाकूड. त्यातला एखादा पाणी उतरेपर्यंत रेंगाळला की चिखलात कलंडून बसायचा आणि वरची माणसं पुढच्या भरतीपर्यंत आमच्याकडे बघत बसायची, आम्ही त्यांच्याकडे.

गाव किती जुनं ते कुणाला ठाऊक नाही. म्हातारे सांगायचे की फार पूर्वी तीन होड्या अशाच ओहोटीला अडकल्या. रात्र काढायची म्हणून माणसं काठावर आली, चूल मांडली, सकाळी मासळी चांगली मिळाली म्हणून आणखी एक दिवस थांबली. अजून थांबलीच आहेत. माझे वडील हे सांगून झालं की म्हणायचे, "म्हंजे आपून अडकलेल्यांची पोरं." त्यांना हसू यायचं नाही. त्यांना कशाचंच यायचं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मुलगी उरणच्या बाजूची. तिकडं उघडा समुद्र, खडक, पाणी समोरून येतं आणि समोरच जातं. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी आईनं तिला बांधावर नेलं आणि खाडी दाखवली. बाकीच्या बाया बघायला जमल्या होत्या. तिनं पदर सावरला, इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाली,

"ह्याला तुमी दर्या बोलता? आमच्याकडं असल्यात म्हशी लोळतात."

नवी नवरी असं बोलत नाही. सगळ्या आईकडे बघायला लागल्या. आई म्हणाली, "मंग उद्यापासून चल लोळायला माज्याबरोबर."

असं त्या दोघींचं सुरू झालं.

आता नावाचं सांगतो. मी इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही, पण नावाशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. माझ्या आईचं नाव आणि माझ्या बायकोचं माहेरचं नाव एकच होतं. आईनं पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं होतं, पोरगी पसंत आहे, नाव बदलायचं. एका घरात सासूचं आणि सुनेचं एक नाव चालत नाही. मुलगा बायकोला हाक मारताना आईचं नाव घेणार की काय? आईचं नाव घेणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला बरोबरीची समजून हाक मारण्यासारखं. आईला आम्ही आये म्हणायचो, वडील तिला काहीच म्हणायचे नाहीत, नुसते खाकरायचे. तिचं नाव घरात कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या मामाच्या तोंडून ते मला कळलं, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं होतं.

तर नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, त्यामुळे नीट लिहिलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले. नावही त्यातच शिजलं असावं, कारण नंतर ते कुणी काढलं नाही. आई तिला सूनबाय म्हणायची, वडील पोरी म्हणायचे, शेजारच्या बाया नवरी म्हणायच्या, आणि मी "अगो" म्हणायचो. आमच्या गावात सगळे नवरे बायकोला अगोच म्हणायचे. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं म्हणत. नवऱ्यानं बायकोचं घेतलं तर काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. लोक हसायचे, तेवढी भीती पुरत होती.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पौष महिना, पौर्णिमेचा दुसरा दिवस. उधाणाचे दिवस म्हणजे पाणी चढतं पण खूप आणि उतरतं पण खूप. एरवी कधी उघडं न पडणारं खाडीचं पोट त्या सकाळी उघडं पडतं. खाडीच्या मधोमध कालवांचा एक उंचवटा होता, त्याला आम्ही बेट म्हणायचो. दगडाला चिकटलेली कालवं, पिढ्यान् पिढ्यांच्या शिंपांचा थर. बाया उधाणाच्या ओहोटीला तिथं जायच्या, कोयतीनं कालवं फोडून आतलं मांस डब्यात भरायच्या, आणि मोठी कालवं शिंपांसकट टोपलीत घालून आणायच्या.

बेट आणि आमचा बांध यांच्यामध्ये एक ओहोळ होता. ओहोटीला त्यात घोट्याइतकं पाणी. पण आमच्या खाडीची खोड अशी, की पाणी वळलं की ते समोरून येत नाही. आधी गुपचूप ह्या ओहोळातून पाठीमागून शिरतं. समोर बघत बसलेल्या माणसाला वाटतं अजून वेळ आहे, आणि वळून बघावं तर परतीची वाट कंबरेइतकी भरलेली. आमच्या बायांना हे सांगावं लागत नव्हतं. उरणच्या मुलीला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आईनं सांगितलं असेल असं मला वाटलं, आणि मी सांगितलं असेल असं आईला वाटलं.

फटफटायला आई आणि माझी बायको धरून सहा जणी गेल्या. सूर्य वर आला आणि त्याच वेळी धुकं पडलं. आमच्याकडे थंडीत धुकं पडतं, पण ते धुकं वेगळं होतं. मी बांधावर बसून फाटलेलं जाळं तुणत होतो, ते हातातलं जाळं दिसत होतं, पायातल्या वहाणा दिसत नव्हत्या. कर्नाळ्याचा सुळका तर कधीच गेला होता. थोड्या वेळानं बायांचे आवाज आले. एकमेकींचा पदर धरून आल्या होत्या. एकेक जण बांधावर चढली. मी मोजल्या नाहीत, मी फक्त तिला बघत होतो, आणि ती आली नाही.

आई सगळ्यांत शेवटी चढली. तिनं मागं हात केला, कुणाचा तरी हात धरायला. हातात काही आलं नाही.

"माज्या मागंच व्हती," आई म्हणाली.

शेजारची काकी म्हणाली, "मी बोलले तिला, चल गो नवरे. ती बोलली, येवढी दोन घेते नि आले."

वडिलांनी होडीकडे बघितलं. होडी चिखलात रुतून बसली होती. पाणी वळलं होतं, पण होडीखाली यायला अजून तास-दीड तास तरी होता. ते कुणाकडे न बघता म्हणाले, "होडी तरंगंल तवा बेट नसंल."

मी बांधावरून उडी टाकली. चिखलातून ओहोळाच्या काठापर्यंत गेलो. ओहोळ भरायला लागला होता, मांडीच्या वर पाणी. पुढं टाकायला पाय उचलला तर वडिलांनी मागून दंड धरला. ते कधी आले ते कळलंसुद्धा नाही.

"कुठं चाललास?"

"ती तिकडं हाय."

"तिकडं म्हंजे कुठं? हात कर नि दाखव."

मी हात केला. आमच्यापुढे पांढरं होतं, हात कोपरापर्यंत दिसत होता.

"एक हरवली ती पुरं," वडील म्हणाले. "तू बी गेलास तर हाक कोन मारंल? उभा ऱ्हा हितं नि मार."

मग मी हाक मारली. दुसरी कुठली हाक मला येत होती?

"अगो! अगो ए!"

बांधावरून बाकीचे पण ओरडायला लागले. नवरे! सूनबाय! अगो! पलीकडच्या मिठागराच्या गावातल्या बायाही त्या सकाळी खाडीत उतरलेल्या होत्या, आणि धुकं त्यांच्यावर पण पडलं होतं. तिकडच्या पुरुषांच्या हाका आम्हाला ऐकू येत होत्या. "अगो! अगो!" धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. तो सगळीकडून येतो. आमच्या हाका आमच्याच अंगावर येत होत्या.

आणि मग ती ऐकू आली. "ओ!" लांब, डाव्या हाताला. मी आणखी जोरात ओरडलो. परत "ओ!" आलं, पण आणखी डावीकडे, आणखी लांब. ती हाकेला ओ देत होती, पण माझ्या हाकेला नाही. पलीकडच्या कुणाच्या तरी नवऱ्याच्या "अगो"ला ती ओ देत होती आणि तिकडे चालली होती. आणि त्या अंगाला बेट संपतं आणि मोठी खाडी सुरू होते, जिथे ओहोटीलासुद्धा तीन पुरुष पाणी असतं.

वडिलांनाही ते कळलं. त्यांची माझ्या दंडावरची बोटं आवळली.

मी अगो म्हणायचं बंद केलं. लाज गेली. अंगठीनं तांदळात लिहिलेलं नाव मी छातीतला सगळा वारा घालून ओरडलो. एकदा, दोनदा, पाच वेळा. काही नाही. "ओ" येत होतं तेही थांबलं. मागं बांधावर काकी कुणाला तरी विचारताना ऐकू आली, "ह्यो कोनाला बोलवतोय?"

ते खरं होतं. ते नाव काकीला माहीत नव्हतं, गावाला माहीत नव्हतं, आणि तिलासुद्धा त्या नावानं कुणी कधी हाक मारली नव्हती. धुक्यातून कुणी अनोळखी नाव ओरडतंय, तर ती कशाला ओ देईल? तिला वाटलं असेल, त्या नावाची दुसरी कुणी हरवलेली.

तिचं खरं नाव माझ्या जिभेवर आलं. आणि तिथंच अडकलं. आई चिखलातून येऊन माझ्या बाजूला उभी राहिली होती. तिच्या तोंडावर, बापाच्या देखत, सगळ्या गावासमोर आईच्या नावानं बोंब मारायची. तुम्हाला हे वेडेपण वाटेल. मलाही आज वाटतं. पाणी कंबरेला लागलं होतं, बायको मरायला चालली होती, आणि माझं तोंड उघडत नव्हतं. त्या वेळी ते माझ्यानं झालं नाही, हे मी खोटं कशाला लिहू.

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं.

"बगतोस काय? मार हाक."

"आये, कशी मारू?"

आईनं मला बाजूला सारलं. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि स्वतःचं नाव घेऊन हाक मारली.

मासळी विकणाऱ्या बाईचा आवाज तो. पनवेलच्या बाजारात एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला बोलवायचा आवाज. तिनं तिचं स्वतःचं नाव लांबवून, शेवटचं अक्षर ओढून ओढून धुक्यात फेकलं, जाळं फेकतात तसं. एकदा मारली, थांबली, ऐकलं. परत मारली. मला आठवतंय, तिसऱ्या हाकेला तिचा आवाज चिरकला. मग माझंही तोंड सुटलं. मीही ते नाव घेतलं. आणि मग माझ्या मागून एक जाड, गंजलेला आवाज आला तो वडिलांचा. ज्यांनी जन्मात आईला नुसतं खाकरून बोलावलं, ते वडील कंबरेइतक्या पाण्यात उभे राहून आईचं नाव घेऊन ओरडत होते.

"ओ!"

जवळ नव्हतं. पण समोर होतं. डावीकडे नव्हतं.

"हितं ये! हितं! मागं फिर!" मी.

"गप," आई म्हणाली. "नुसतं नाव घे. दुसरं काय बोलू नकोस, तिला कळायचं नाय."

मग आम्ही तिघं नुसतं ते नाव घेत राहिलो. आई, मग मी, मग वडील, परत आई. मधे थांबायचो, "ओ" यायचं, पहिल्यापेक्षा जरा मोठं. बांधावरचे सगळे गप्प झाले होते. काकी तेवढी रडत होती.

आधी पाण्याचा आवाज आला, पायांनी कापल्याचा. मग धुक्यात काहीतरी काळं दिसलं. ती ओहोळाच्या पलीकडच्या काठावर होती. नखशिखान्त चिखल, नाकाची चमकी तेवढी दिसत होती. आणि डोक्यावर टोपली. कालवांनी भरलेली, जड, दोन्ही हातांनी धरलेली टोपली. ओहोळात तिला छातीइतकं पाणी होतं. वडिलांनी कमरेचा दोर सोडून फेकला. तिनं एक हात टोपलीवर ठेवला, दुसऱ्या हातानं दोर धरला, आणि आम्ही दोघांनी ओढून घेतलं.

काठाला लागल्यावर ती पहिली काय बोलली असेल?

"येवढं वरडता कशाला? आले ना."

मला हसू येत होतं. मी तिचा हात धरला होता तो सोडलाच नाही, सगळ्यांदेखत. कुणी हसलं नाही.

आईनं हात उगारला. मला वाटलं आता हिच्या कानाखाली बसणार. आईनं तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली.

"ही टाकली का नाय गं? जीव गेला असता."

"रिकाम्या हातानं आले असते, तर तुमीच बोलला असता," ती म्हणाली.

आई तिथंच चिखलात बसली. टोपली मांडीवर घेऊन बसली, आणि हसायला लागली. चिखलात बसून हसणारी माझी आई मी त्याआधी बघितली नव्हती. वडील म्हणाले, "उठा आता, पानी चढतंय," आणि चालायला लागले.

घरी आल्यावर कळलं काय झालं होतं. धुकं पडल्यावर तिनं आईच्या आवाजामागे चालायला सुरुवात केली होती. पण आवाज सगळीकडून यायला लागले. "चारी बाजूंनी अगो अगो," ती म्हणाली. "मला काय म्हाईत, मी कोनाची अगो?" सगळ्यांत मोठा आवाज जिकडून आला तिकडे ती गेली. मग बाईच्या आवाजात तिचं स्वतःचं नाव आलं. तिला वाटलं उरणहून तिची आई आली. "मी बोलले, आय कशी काय आली येवढ्या लांब? म्हणून फिरले." माझ्या आईनं हे ऐकलं आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

दुपारी जेवायला बसलो. त्याच कालवांचं कालवण होतं. वडील मान खाली घालून जेवत होते. आईनं त्यांना वाढलं आणि वाढता वाढता म्हणाली,

"तीस वर्सांनी नावानं हाक मारलीत. ती पन सुनेला."

वडिलांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. माझी बायको चुलीकडे तोंड करून हसत होती, तिची पाठ हलत होती.

त्या दिवसापासून आईनं सूनबाय म्हणायचं सोडलं. तिनं बायकोला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायला सुरुवात केली, म्हणजे स्वतःच्याच. दिवसातून वीस वेळा. कामापुरती कमी, नाव घ्यायलाच जास्त. बांधावर उभी राहून, हात तोंडाशी धरून, लांबवून. काकी टोमणा मारायची, "काय गो, सोताच्याच नावाची हौस फिटंना का तुजी?" आई म्हणायची, "नाय फिटत. काय करशील?" घरात दोन बायांचं एक नाव होतं आणि काही आभाळ कोसळलं नाही. आईनंच मोडलं म्हटल्यावर कुणी बोलायचं तरी कुणाला?

मी मात्र परत अगोवर आलो. का ते विचारू नका. आई असेपर्यंत जीभ वळली नाही, आणि आई वयाची साठी ओलांडून गेली, तेव्हा मुलगा रांगत होता आणि माझं सवय मोडण्याचं वय गेलं होतं. बायकोनंही कधी मागितलं नाही. एवढंच झालं, की धुकं पडलं की ती मुद्दाम मला विचारायची, "आज काय हाक मारनार?" मी म्हणायचो, "घरात बस, म्हंजे मारायला नको."

त्यानंतर खाडी बदलत गेली. पडाव कमी झाले, माल रस्त्यानं जायला लागला. बंदरात गाळ साठला. ओहोळ भरून आला, बेटावर तिवरं वाढली, कालवं चिखलाखाली गेली. कळंबोलीकडे भातं होती तिथं आता लोखंडाचा बाजार आहे. बांधावर डांबर आहे. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. त्या ओहोळानं माझं जवळपास सगळं नेलं होतं. तो बुजला तर बुजला.

बायको गेल्या पावसाळ्यात गेली. पनवेलच्या दवाखान्यात तेरा दिवस होती. शेवटी शेवटी डोळे मिटून पडून असायची, कुणाला ओ द्यायची नाही. नर्स चांगली मुलगी होती. कागदावर बघून हाक मारायची, गालावर चापट्या मारायची, "आजी, आजी, डोळे उघडा," आणि मग कागदावरचं नाव. तेच, तांदळातलं. रेशनकार्डावर तेच लागलेलं होतं. दोन दिवस ती तसंच करत होती आणि मी बाजूला स्टुलावर बसून बघत होतो. डॉक्टर मुलाला म्हणाले की आता त्यांना ऐकू येत नाही.

ते ऐकलं आणि मी स्टुलावरून उठलो. एवढं म्हातारं माणूस असं पटकन उठलं म्हणून मुलगा घाबरला. मी खाटेवर वाकलो आणि आईसारखं, शेवटचं अक्षर ओढून, तिचं नाव घेतलं. खोलीतली बाकीची माणसं वळून बघायला लागली. मी परत घेतलं. दुसरं काही बोललो नाही. आईनं सांगितलं होतं, नुसतं नाव घे.

तिचे ओठ हलले. डोळे उघडले नाहीत. पण कपाळाला आठी पडली, तिला मी वैताग आणला की पडायची तीच.

"ओ," म्हणाली. "हितंच हाय ना मी."

पुढं दोन दिवस होती. मी दर थोड्या वेळानं हाक मारत होतो. शेवटच्या दिवशी ओ आलं नाही, पण मी मारत राहिलो. आता मला डाव्या-उजव्या हाताची काळजी नव्हती. माझी हाक कुठली ते तिला कळलं होतं. ती गेल्यापासून घर मोकळं पडलं आहे, जेवताना समोर कुणी नसतं, ते आहेच. पण ती चुकीच्या हाकेमागे गेली नाही. रात्री झोप लागते मला.

दहाव्याला आम्ही खाडीच्या काठी बसलो होतो. भटजींनी गेलेल्या बाईचं नाव विचारलं. मुलानं कागदावरचं सांगायला तोंड उघडलं, त्याच्या आधी मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. समोर भरतीचं पाणी चढत होतं.

मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, हे तर आजीचं नाव."

"दोघींचं," मी म्हटलं. "तू पाणी सोड."